हाताने बनवलेला फ्लूगलहॉर्न मागवायचाय? आधी माउथपीस बघा, नक्षी मग

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला हेच विचारलं की तो तुझा जाड आवाजाचा ट्रम्पेट कुठून आणलास आणि आम्हाला मागवायचा झाला तर काय करायचं, आणि दर वेळी फोनवर पाऊण तास तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो. मी काही मोठा वाजवणारा नाही हां, दिवसा इंदूरच्या सियागंजात एका पेढीचे हिशेब बघतो, संध्याकाळी रिसेप्शन असेल तर ट्रम्पेट. पण हा एक हॉर्न मागवताना ज्या ज्या चुका करता येतात त्यातल्या बऱ्याच मी करून बसलोय, तेवढ्या तरी तुमच्या वाचाव्यात.

तर पहिली गोष्ट, तो ट्रम्पेट नाही. फ्लूगलहॉर्न आणि ट्रम्पेट दोन्ही बी फ्लॅटचे, बोटं तीच, तीन वॉल्व्ह (बोटाने दाबायच्या कळा) तेच, त्यामुळे ट्रम्पेटवाला पहिल्या दिवशीच वाजवू लागतो. फरक नळीत आहे. ट्रम्पेटची नळी बराच वेळ एकसारख्या जाडीची जाते आणि शेवटी उघडते, फ्लूगलची मात्र माउथपीसपासूनच, म्हणजे ओठांना लावायच्या तुकड्यापासूनच, हळूहळू रुंद होत जाते, मधे वॉल्व्हपुरती काय ती सरळ. सुरुवातीला उलट जास्त बारीक असते, वॉल्व्हमधली बोर (नळीची आतली रुंदी) साधारण १०.५ ते ११ मिमी, ट्रम्पेटची नेहमीची ११.६५ मिमी, आणि शेवटी बेल, म्हणजे पुढचं कर्ण्यासारखं तोंड, सहा-साडेसहा इंची, जिथे ट्रम्पेटची पाच इंचाच्याही आत असते. म्हणून तो गोल, धुरासारखा आवाज. जॅझमधे क्लार्क टेरी आणि आर्ट फार्मर या अमेरिकन वादकांनी हा हॉर्न घरोघरी पोचवला, इंग्लंडच्या ब्रास बँडमधे तर एकच फ्लूगलवाला असतो आणि हळू गाण्याचा सोलो बहुतेक त्याच्याच वाट्याला येतो. आपल्याकडे लॉनमधे वरमाला होताना जी संथ जुनी गाणी लागतात त्यात हा ट्रम्पेटपेक्षा दहापट शोभतो. वरातीत मात्र नेऊ नका, ढोलाच्या पुढे त्याचं काही चालत नाही.

आता हाताने बनवलेलाच का? हे आधी स्वतःला विचारा. ट्रम्पेट धरून दोन-तीन वर्षंच झाली असतील तर यामाहासारख्या कंपनीचा फ्लूगल घ्या, सूर पक्का असतो, पार्ट मिळतात, विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळतं. मेरठच्या जाली कोठीत जी वाद्यं बनतात ती आपल्या बारात-बँडवाल्यांची, त्यांचं काम वेगळं, रोज धुळीत रस्त्यावर वाजणं आणि लांब ऐकू जाणं, त्या कामाला ती योग्यच आहेत, त्यांच्याशी तुलना करत बसू नका. छोट्या कारागिराकडे जायचं कारण एकच असावं, की तुम्हाला कळलंय तुमच्या आताच्या वाद्यात नेमकं काय जमत नाहीये, आणि ते बदलून देणारा माणूस हवाय. आर्ट फार्मरसाठी अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डेव्हिड मोनेटने ट्रम्पेट आणि फ्लूगल यांच्या मधलं ‘फ्लम्पेट’ नावाचं वाद्यच बनवून दिलं, कारण त्याला दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं होतं आणि ते त्याला सांगता येत होतं. आपल्याला तसं सांगता येत नसेल तर कारागीर बिचारा काय करणार, तो त्याच्या नेहमीच्या मापाचं देईल आणि आपण तिप्पट पैसे मोजून बसू.

मी नेमकं तेच केलं. सांगतो.

मी दोन महिने बेलचा धातू निवडण्यात घालवले. पिवळं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त, गोल्ड ब्रास ८५-१५, रेड ब्रास ९०-१०, शिवाय शुद्ध तांब्याची बेल, चांदीची बेल, कुणाचं काय मत, कोण काय म्हणतो, रात्री दोन दोन वाजेपर्यंत व्हिडिओ. मग बेलच्या काठावर काय नक्षी काढायची त्यात आणखी पंधरा दिवस, बायको म्हणाली मंगळसूत्राला पण एवढा वेळ लावला नव्हतास. आणि या सगळ्यात माउथपीस कोणता वापरणार हे मी त्या कारागिराला कळवलंच नाही, त्याने एकदा विचारलं होतं, मी लिहिलं ‘नेहमीचा’. हॉर्न आला. माझ्याकडचा माउथपीस त्यात घातला तर तो डुगडुगला, म्हाताऱ्याच्या कवळीसारखा.

झालं असं की फ्लूगलच्या माउथपीसच्या दांडीला, म्हणजे जो भाग हॉर्नमधे बसतो त्याला, जगभरात एकच माप नाही. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत, एक फ्रेंच, जो जवळजवळ सरळ असतो, निमुळता होत नाही, जुन्या कुएनों वगैरे कंपन्यांच्या फ्रेंच फ्लूगलना लागतो, आणि दुसरे दोन निमुळते, स्मॉल मोर्स आणि लार्ज मोर्स. एकाचा दुसऱ्यात घातला तर एकतर आत पुरता जात नाही नाहीतर जास्तच आत जातो, आणि दोन्हीत सूर बिघडतो, म्हणजे नुसता वर-खाली नाही, एका सप्तकात बरोबर आणि दुसऱ्यात भलतंच. माझ्या हॉर्नचं खालचं सप्तक चढं येत होतं आणि मी आठवडाभर कारागिराला शिव्या घालत होतो. चूक माझी होती. आमचे उस्ताद फौजी बँडमधून रिटायर झालेत, पचमढीला जिथे फौजेचे बँडवाले तयार होतात तिथले शिकलेले, आता महूला राहतात, त्यांच्याकडे हॉर्न घेऊन गेलो तर त्यांनी वाजवलाही नाही, माउथपीस काढून बघितला आणि म्हणाले, बेटा पहले मुँह देखते हैं, फिर माल.

तर पहिला नियम. ईमेल लिहायच्या आधी माउथपीस ठरवा. ट्रम्पेटचा माउथपीस फ्लूगलमधे वापरायचाच नाही, बसला तरी नाही, त्याची वाटी उथळ असते आणि फ्लूगलला खोल, नरसाळ्यासारखी निमुळती वाटी लागते, ती नसेल तर एवढे पैसे देऊन तुम्ही मंद आवाजाचा ट्रम्पेट विकत घेतलात असं समजा. ओठाला लागतो तो काठ मात्र तुमच्या ट्रम्पेटसारखाच ठेवा म्हणजे कार्यक्रमात दोन्ही वाद्यं आलटून पालटून वाजवताना ओठ गोंधळत नाहीत. मग कारागिराला माउथपीसची कंपनी, नंबर आणि दांडीचा प्रकार तिन्ही लिहून कळवा. सगळ्यात उत्तम म्हणजे तुमचा माउथपीसच त्याला पाठवून द्या आणि म्हणा याच्यावर सूर लाव. छोटे कारागीर याला नाही म्हणत नाहीत, उलट खूश होतात. तो माउथपीस जाऊन यायला पंधरा-वीस दिवस लागतील, लागू देत.

दुसरी गोष्ट आपल्या इथली आहे आणि तिकडच्या, म्हणजे युरोपातल्या, कारागिराला ती आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. आपण कुणाबरोबर वाजवतो? गाणाऱ्यांबरोबर. आणि गाणारे स्वर सांगतात पट्टीत, म्हणजे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नावाने. बी फ्लॅटचा हॉर्न म्हणजे आपण सी वाजवला की काळी पाच वाजते. आता गायक म्हणाला पांढरी एक, तर आपला सा येतो डी वर. आणि खालचा डी म्हणजे पहिला आणि तिसरा वॉल्व्ह एकत्र, जो जगातल्या जवळजवळ प्रत्येक तीन-वॉल्व्हच्या वाद्यावर चढा लागतो, कारण दोन वॉल्व्हच्या जादा नळ्या एकत्र झाल्या की एकूण लांबी थोडी कमीच पडते. तिन्ही दाबले तर आणखी कमी पडते. म्हणजे ज्या सुरावर आख्खं गाणं उभं आहे तोच चढा, आणि बाजूला कीबोर्डवाला सतत तोच सा धरून बसलाय. ट्रम्पेटवर आपण तिसरी स्लाइड (तिसऱ्या वॉल्व्हची सरकती नळी) बोटाने बाहेर ढकलून भागवतो. फ्लूगलची स्लाइड जागेअभावी अशी ठेवलेली असते की काही हॉर्नवर हात पोचतच नाही, म्हणून तिथे ट्रिगर लागतो, डाव्या हाताने दाबायचा खटका. कॅटलॉगमधे हे ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिलेलं असतं, आपल्याला ते ऐच्छिक नाही. तिसऱ्या स्लाइडला ट्रिगर हवा, असं पहिल्याच पत्रात लिहा, आणि हात मोजपट्टीशेजारी ठेवून त्याचा फोटो पाठवा म्हणजे खटका तुमच्या बोटाला पोचेल असा बसवतो. माझी बोटं आखूड आहेत, मी फोटो पाठवला होता, एवढं एक शहाणपण केलं होतं. चौथा वॉल्व्ह घालूनही हा प्रश्न सुटतो पण वजन वाढतं आणि पैसे पण, माझ्या मते आपल्याला गरज नाही.

यातच एक गंमत. सी वर सा धरून वाजवलात तर कुठलाही वॉल्व्ह न दाबता वरचा जो ई लागतो, म्हणजे गंधार, तो नळीतून आपोआप निघणाऱ्या स्वयंभू स्वरांपैकी पाचव्यावर येतो आणि कीबोर्डच्या गंधारापेक्षा १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) उतरलेला असतो. तिकडचे लोक याला दोष म्हणतात. तानपुऱ्याबरोबर वाजवून बघा, तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो ना, तोच आहे तो. मला पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण कीबोर्डबरोबर वाजवायचं तर ओठाने जरा चढवावाच लागतो, तेव्हा कारागिराला दोन्ही सांगून गोंधळात पाडू नका, त्याला एवढंच सांगा की हॉर्न ४४० ला हवा, म्हणजे ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर. हे मुद्दाम सांगायचं, कारण युरोपात बऱ्याच ठिकाणी ४४२ ला वाजवतात आणि तिकडचा कारागीर तेच धरून चालू शकतो.

तापमानाचं तर विचारूच नका. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, फुंकून वाजणाऱ्या वाद्याचा सूर दर डिग्रीला साधारण ३ सेंट चढतो, अर्थात आपल्या श्वासाने नळी आतून गरम राहते म्हणून प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही. तरी इंदूरला डिसेंबरात बायपासच्या लॉनवर रात्री अकराला दहा डिग्री आणि मे महिन्यात संध्याकाळी पस्तीस, हा पल्ला तिकडच्या माणसाच्या डोक्यात नसतो. फ्लूगलला ट्रम्पेटसारखी मोठी ट्यूनिंग स्लाइड नसते, माउथपीस ज्यात बसतो तो लीडपाइपच आत-बाहेर सरकतो आणि एका छोट्या स्क्रूने घट्ट होतो. एक सेंटिमीटर ओढलं की साधारण १२ सेंट उतरतो. म्हणून कारागिराला सांगायचं की साध्या खोलीच्या हवेत, माझ्या माउथपीसवर, लीडपाइप सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर बाहेर असताना ४४० लागला पाहिजे. म्हणजे थंडीत आत ढकलायला जागा उरते आणि उन्हाळ्यात बाहेर काढायला पण. पूर्ण आत ढकलल्यावर जर सूर लागत असेल तर डिसेंबरात तुमचं काही खरं नाही.

आता बेल. हो, येतोय तिच्याकडे, तुम्हाला त्याचीच घाई असते माहितीये.

हाताने बनवलेली बेल म्हणजे पितळेचा पत्रा कापून दुमडतात, कडा एकमेकींना झाळतात, मग लोखंडी साच्यावर चढवून ठोकत ठोकत आकार देतात, मधे मधे ज्योतीवर तापवून मऊ करतात कारण ठोकलं की पितळ कडक होतं आणि तसंच ठोकत राहिलं तर फाटतं, शेवटी लेथवर फिरवून गुळगुळीत करतात. आपल्या कसेरा बाजारात भांडी बघत मोठे झालो असल्यामुळे मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं, तांबट हंड्याला ठोके देतो तेच, फक्त पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. काही कारागीर ०.४०, ०.४५, ०.५० मिमी अशी जाडी निवडायला देतात. पातळ बेल तोंडाला लगेच जवाब देते, जोरात वाजवलं की लवकर कर्कश होते, जाड बेल जोर सहन करते पण हळू वाजवताना जरा मेहनत लागते. धातूबद्दल माझं मत असं की वाजवणाऱ्याला फरक कळतो, समोर पनीर टिक्का खाणाऱ्याला कळत नाही. रिसेप्शनला माइकवर वाजवणार असाल तर पिवळं किंवा गोल्ड ब्रास, मधली जाडी, विषय संपला. तांब्याची बेल दिसते सुंदर पण मऊ असते, कुणी खुर्ची लागून ढकलली की चेपलीच.

पैसे जास्त द्यायचेच असतील तर ते लीडपाइपच्या धातूवर द्या, जो दिसत पण नाही. तोंडातली लाळ, खाल्लेल्याचे अंश सगळं तिथे आत साचतं आणि जास्त जस्ताचं पितळ आतून सडतं, बाहेर लालसर ठिपके दिसू लागतात तोवर नळी गेलेली असते. गोल्ड ब्रास किंवा रेड ब्रासमधे जस्त कमी म्हणून ती जास्त टिकते. आणि इंदूरवाल्यांनो, पोहे-जिलबी खाऊन तसंच वाजवायला बसू नका, पाण्याने खळखळून चूळ भरा, साखरेचा पाक नळीत जाऊन काय करतो ते मी उस्तादांच्या एका जुन्या कॉर्नेटमधे (ट्रम्पेटचाच आखूड भाऊ) बघितलंय, आतून निघालेला गाळ बघून मी दोन दिवस जिलबी खाल्ली नाही. दोनच दिवस.

वरची फिनिश तुमच्या घामावर ठरवा. लॅकर (पारदर्शक वार्निश) स्वस्त आणि सोपी पण काहींचा घाम आंबट असतो, सहा महिन्यांत हाताच्या जागची उडते. चांदीचा मुलामा टिकतो, काळा पडतो, पुसावा लागतो. कोरं पितळ हल्ली फॅशनमधे आहे, पावसाळ्यात हिरवं पडतं आणि हाताला तो तांब्याच्या पैशासारखा वास येतो, घरचे जेवायला बाजूला बसत नाहीत. मी चांदी घेतली.

वॉल्व्हबद्दल एक प्रश्न जरूर विचारा, वॉल्व्हचा सेट तू स्वतः बनवतोस की विकत आणतोस. यात कमीपणा नाही, पुष्कळ चांगले छोटे कारागीर वॉल्व्ह बाहेरून घेतात, जर्मनीत माइनलश्मिटसारखे लोक वॉल्व्हच बनवतात आणि ते दुसऱ्या कारागिरांच्या वाद्यांत बसतात. उलट मला तर ते बरं वाटतं, कारण उद्या कारागिराने दुकान बंद केलं तर पिस्टन, स्प्रिंग, गाइड कुठून आणायचे हे माहीत असतं. आणि दुकानं बंद होतात. कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाहाइममधली कॅन्स्टुल, एवढं नावाजलेलं घर, २०१९ मधे बंद झालं. एकट्या माणसाच्या वर्कशॉपचं तर काय सांगावं, त्याचं वय, तब्येत, हाताखाली कुणी शिकतंय का, हे सगळं आडून आडून विचारून घ्यायचं, मुलगी देताना चौकशी करतो तशी. रोटरी, म्हणजे गोल फिरणाऱ्या वॉल्व्हचे फ्लूगल पण असतात, जर्मनी-ऑस्ट्रियातले, आवाज लाजवाब, पण इंदूरात ते खोलून परत नीट जोडणारा हात मला तरी सापडलेला नाही, म्हणून मी वर-खाली होणारे पिस्टनच सांगतो. पिस्टन मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) धातूचे असतील तर चांगलं, गंज धरत नाहीत.

कारागीर शोधायचा कसा? नेदरलंड्सचे अ‍ॅडम्स आणि हुब फान लार, स्वित्झर्लंडचे इंडरबिनेन, जर्मनीत ब्रेमेनचे थाइन, ऑस्ट्रियाचे शागर्ल, इंग्लंडचे टेलर, ही नावं कानावर येतीलच, काही जरा मोठी झालीत, काही अजून लहान. मी कुणाचा घेतला ते सांगणार नाही, कारण तुम्ही तोच घ्याल. नुसती रेकॉर्डिंग ऐकून ठरवू नका, तिथे वाजवणारा उस्ताद असतो, तो पत्र्याच्या डब्यातूनही गोड काढेल. मुंबई-गोव्याकडे वाजवणाऱ्यांमधे कुणाकडे ना कुणाकडे असा हॉर्न असतो, अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघा, सकाळी पोचा, तासभर हातात घेऊन वाजवा, हॉर्न दोन फुटांवर कानाला कसा वाटतो ते वेगळं आणि दुसऱ्याने वाजवताना खोलीच्या टोकाला उभं राहून ऐका, ते वेगळं. स्वतः युरोपात जाणं होत असेल, कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला आहे वगैरे, तर वर्कशॉपला आधी कळवून जा, माउथपीस आणि ट्यूनर घेऊन जा.

पत्र लिहिताना लांबण नको. तुम्ही काय वाजवता, कुठे, कोणत्या हवेत, आता कोणता हॉर्न आहे आणि त्यात काय खटकतं, माउथपीस, ४४०, ट्रिगर, फिनिश, आणि कधीपर्यंत हवा. एवढं. उत्तर आठ-दहा दिवसांनी येतं, ऑगस्टमधे तर महिनाभर येत नाही, ते सुट्टीवर असतात, घाबरून दुसऱ्याला पत्र टाकू नका. फोन करायचा तर त्यांच्याकडे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे घड्याळ असतं, इंग्लंडमधे आणखी एक तास मागे. हॉर्न हातात यायला कित्येक महिने जातात, कुणाकडे वर्षाहून जास्त रांग. बहिणीच्या मुलीच्या लग्नात वाजवायचा म्हणून मागवू नका, तोवर तिला मूल झालेलं असेल.

किमतीचं. तीन-चार हजार युरोच्या खाली फारसं काही नाही, वर कितीही. पण एक लक्षात ठेवा, युरोपातल्या कारागिराने लिहिलेली किंमत बहुतेक तिकडचा व्हॅट धरून असते, नेदरलंड्समधे २१ टक्के, ऑस्ट्रियात २०, जर्मनीत १९, आणि माल युरोपियन युनियनच्या बाहेर जात असेल तर तो लागत नाही. म्हणजे नेदरलंड्समधला ४,००० युरोचा हॉर्न आपल्याला साधारण ३,३०० ला पडायला हवा. निर्यातीचा भाव सांगा असं स्पष्ट विचारा, आपण विचारलं नाही तर काही जण आपणहून सांगत नाहीत, बदमाशी म्हणून नाही, लक्षात येत नाही म्हणून. आगाऊ रक्कम साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी मागतात. ती द्यायच्या आधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (पक्क्या बिलाआधीचं बिल) घ्या आणि त्यात वरच्या सगळ्या गोष्टी शब्दांत लिहिलेल्या हव्यात, माउथपीसच्या दांडीच्या मापासकट. सूर पटला नाही तर परत पाठवून दुरुस्त करून मिळेल का आणि पाठवायचा खर्च कुणाचा, हेही तिथेच. पैसे बँकेतून पाठवा, मधल्या बँका कमिशन कापतात, ते आपल्या खात्यातून जावं असं फॉर्मवर लिहा नाहीतर तिकडे वीस-पंचवीस युरो कमी पोचतात आणि पंधरा दिवस पत्रापत्री चालते.

कस्टमला फुंकून वाजणारी वाद्यं ९२०५ या शीर्षात येतात, तो नंबर इन्व्हॉइसवर असू द्या. ड्यूटी नुसत्या हॉर्नच्या किमतीवर नाही, हॉर्न अधिक विमा अधिक वाहतूक अशा एकूण रकमेवर लागते, आणि मग ड्यूटीसकटच्या बेरजेवर आयजीएसटी. दर बदलत राहतात, म्हणून हॉर्न निघायच्या आठवड्यात कस्टम एजंटला विचारून एकदा कागदावर बेरीज करा, नंतर बायकोसमोर करायला लागू नये. किंमत कमी दाखवा, गिफ्ट लिहा, असलं कारागिराला सांगू नका, विमा तेवढ्याच रकमेचा मिळतो जेवढी लिहिलीय, आणि पकडलं तर दंड वेगळा. माझं खोकं मुंबईत नऊ दिवस अडकलं होतं कारण इन्व्हॉइसवर माझं घरगुती नाव होतं आणि पॅन कार्डावर दुसरं, आणि कुरिअरवाल्यांच्या केवायसीत दोन्ही जुळेनात. नऊ दिवस मी त्या ट्रॅकिंगच्या पानाकडे बघत बसलो होतो. स्वतः सामानातून आणत असाल तर विमानात हातात घ्या, खाली टाकू नका, आणि इथे उतरल्यावर रेड चॅनलला जाऊन बिल दाखवा.

खोकं आलं की कात्री घेण्याआधी मोबाइल चालू करा, उघडतानाचा सगळा व्हिडिओ हवा, बाहेरच्या खोक्याच्या सहा बाजूंसकट. मग वाजवायच्या आधी: बेलच्या काठाला डोळा लावून गोलाई बघा, प्रत्येक स्लाइड वॉल्व्ह न दाबता जराशी ओढा आणि पाच सेकंद थांबून वॉल्व्ह दाबा, ‘पॉप’ आवाज आला तर हवा गळत नाहीये. तिसऱ्या स्लाइडचा खटका दाबून सोडला की स्लाइड पूर्ण परत येते का. पाणी काढायचं बटण असेल तर ते अडकत नाही ना, नंतरही त्यात अधूनमधून तेलाचा एक थेंब सोडायचा, आपल्या धुळीत ते फार लवकर अडकतं. लीडपाइपचा स्क्रू दोन बोटांनीच आवळा, पक्कड नको. मग पहिले दोन आठवडे रोज वॉल्व्हला तेल, नवे पिस्टन घासून बसायला वेळ घेतात, आणि या काळात सुराबद्दल मत बनवू नका, हॉर्नही नवा असतो आणि तुमचे ओठही. तिसऱ्या आठवड्यात ट्यूनर घेऊन प्रत्येक स्वर सावकाश वाजवा, डोळे मिटून आधी स्वर स्थिर करा आणि मग ट्यूनर बघा, बघत बघत वाजवलं तर ओठ आपोआप खोटं बोलतात. कागदावर लिहा, आणि काही अगदीच बाहेर असेल तर तो कागद फोटो काढून कारागिराला पाठवा, ‘बरा वाटत नाही’ असं नुसतं लिहू नका.

माझ्या डुगडुगणाऱ्या माउथपीसचं पुढे काय झालं, तर उस्तादांनी त्यांच्या पेटीतून तीन-चार काढून बघितले, एक बसला, त्यावर महिनाभर वाजवलं, आणि मग कारागिरालाच लिहून बरोबर दांडीचा मागवला. खालचं सप्तक जागेवर आलं. आता लीडपाइपवर मार्करने तीन रेघा ओढल्यात, सगळ्यात आतली डिसेंबरची, बाहेरची मे महिन्याची, आणि मधली एसी हॉलची.